आपटेकर सरांची ढाल

आपटेकर सर नेमबाजी शिकवताना रायफलच्या नळीवर सुपारी ठेवायचे. मुलाने चाप ओढायचा आणि सुपारी पडता कामा नये. पडली की सर ती उचलून स्वतःच्या तोंडात टाकायचे. त्यांचे दात पनवेलच्या पोरांनी घालवले.

काडतुसं यायची मूठभर, ती स्पर्धेपुरती. बाकी वर्षभर रिकामी रायफल आणि सुपारी. मी त्यांच्याच शाळेत शिपाईण, शिक्षण चौथी. चांदमारीच्या दिवशी निशाणाच्या कागदावरची भोकं तुकडे चिकटवून बुजवायची, हे माझं काम.

सरांचा मंत्र एकच, "अर्धा श्वास सोड, अर्धा धर." भाजीवालीने तराजू उचलला की तिलाही तेच सांगायचे. माझी सून बाळंत होत होती, तेव्हा दाराबाहेरून ओरडले, "अर्धा सोड, अर्धा धर!" सुईणीने बादली घेऊन त्यांना पिटाळलं.

सर बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. बायको वारलेली, दोन्ही मुलगे इस्रायलला गेलेले. ते बोलवायचे आणि सर कळवायचे, "शाळांच्या स्पर्धेची ढाल एकदा पनवेलला आणतो, मग येतो." अशी सात वर्षं गेली. ढाल दरवर्षी अलिबागला जायची.

आठव्या वर्षी बेलपाड्याची हिरा आली, मिठागरवाल्याची पोर. तिच्या नळीवर सुपारी पाटावरच्या नवरीसारखी बसायची. सरांना सुपारी खायला मिळेना.

स्पर्धा आमच्याच मैदानात होती. हिराने शेवटच्या पाच गोळ्या झाडल्या. मी पंचांबरोबर निशाणापाशी गेले, तर कागदावर भोकं सहा! पाच मधल्या काळ्या गोलात, एक बाहेर. शेजारच्या अलिबागच्या मुलाच्या कागदावर चारच. त्याची एक गोळी चुकून आमच्या कागदावर आली होती.

पंच म्हणाले, "कोणतं भोक कोणाचं, सांगता येत नाही. नियमाप्रमाणे चांगली पाच धरायची. ढाल पनवेलची!"

हेडमास्तर टाळ्या वाजवायला लागले. सर मात्र घाम पुसत होते. तेवढ्यात हिरा आली.

"सर, भाईरचं भोक माजं हाय. चवती गोली सुटली तवा मी हालले."

"गप बस गं!" हेडमास्तर म्हणाले.

सरांनी विचारलं, "नक्की?"

"माजं मला नाय कलनार?"

सर तडक पंचांकडे गेले आणि बाहेरचं भोक हिराच्या नावावर धरायला लावलं. दोन गुणांनी ढाल अलिबागला गेली. हेडमास्तर पाय आपटत निघून गेले.

मैदान रिकामं झालं. मी कागद उतरवत होते आणि सर वाळूच्या पोत्यावर बसून चक्क गुणगुणत होते. माझं डोकं फिरलं.

"सर, ढाल गेली नि तुम्हाला गाणं सुचतंय? तुमच्या मुलग्यांनी यंदा इस्रायलचं तिकीटसुद्धा पाठवलंय ना?"

"पाठवलंय. पार्वतीबाई, पंच म्हणाले ढाल पनवेलची, आणि मला ते तिकीट आठवलं. आता कुठली सबब सांगणार होतो?"

"अहो, तिकडे तुमची नातवंडं आहेत."

"आहेत. त्यांना मराठी येत नाही. मी दिवसभर बोलू कोणाशी?"

मला डोळे पुसणं, समजूत घालणं जमत नाही. मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षीही हरा. सोपं आहे."

"ते कसं? पुढच्या वर्षी हिरा जिंकणारच."

"मग तुम्हाला जावं लागेल."

"जाईन. माझ्यासाठी पोरीला हरवू की काय?" सर माझ्यावरच खेकसले आणि कपडे झटकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेचं कुलूप काढायला गेले, तर दोघं आधीच मैदानात. हिरा रायफल धरून पालथी झोपलेली. सर गुडघे टेकून तिचं डावं कोपर पोत्यावर नीट बसवत होते आणि ओरडत होते, "आता हललीस तर बघ!"