नेरिओ तळघरात, गाडी पहिली

"यंदाची मोंझाची शर्यत मी बघणार म्हणजे बघणार," नेरिओ म्हणाला. "माझ्या खुर्चीत साक्षात पोप येऊन बसला असला, तरी त्याला म्हणेन, जरा सरका."

हे तो वाइनच्या पिंपाला सांगत होता. कारण तळघरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

आणि नेरिओ तळघरात होता, कारण लाल गाड्या जिंकत होत्या.

मार्च. पहिली शर्यत.

शेजारच्या गावात शर्यतीच्या लाल गाड्यांचा कारखाना आहे, त्यामुळे इटलीतल्या या गावात शर्यत हा खेळ नाही, सोयरीक आहे. लाल गाडी जिंकली की फादर सिल्वानो चर्चची घंटा वाजवतात. ही जुनी प्रथा. अलीकडे प्रथा फक्त नावाला उरली होती. गाड्या इतकी वर्षं हरत होत्या की घंटेच्या आत कबुतरांच्या कितीतरी पिढ्या सुखानं नांदून गेल्या.

नेरिओ या हरण्यातला मुरलेला माणूस. फरशीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. दर शर्यतीला लॉरिसच्या बारमध्ये टीव्हीसमोरची एकच खुर्ची. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यानं पहिली मोंझा, म्हणजे इटलीतली घरची शर्यत, पाहिली, आणि त्यानंतर एकही चुकवली नाही. स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातसुद्धा तो वाढप्यांबरोबर स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसला होता. बहीण अजून बोलत नाही.

तर मार्चमध्ये झालं असं. लाल गाडी तिसरी होती. लॉरिसच्या कमरेत उसण भरली होती, म्हणून तो नेरिओला म्हणाला, "जरा खालून बाटल्या आणतोस का?" नेरिओ उतरला, शेवटच्या पायरीवर त्याचा पाय मुरगळला. तो पिंपावर बसला, बूट काढला आणि पाय चोळू लागला. तेवढ्यात वर असा आरडाओरडा झाला की छताची माती त्याच्या टकलावर पडली. तो लंगडत वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. लाल गाडी पहिली. लोक रडत होते, एकमेकांचे मुके घेत होते. फादर घंटेकडे पळाले होते आणि चौकभर कबुतरं उडत होती.

फक्त ओरेस्ते शांत होता. ओरेस्ते आयुष्यभर रेल्वेत सिग्नल दाखवायचा. त्यामुळे कशामुळे काय थांबतं आणि कशामुळे काय पुढे जातं, हे जगात आपल्यालाच कळतं असा त्याचा समज होता.

"तू कुठे होतास?" त्यानं विचारलं.

"खाली. पाय मुरगळला."

"गाडी पुढे गेली तेव्हा नेमकं काय चाललं होतं तुझं?"

"पिंपावर बसून पाय चोळत होतो."

"कुठला?"

"डावा."

"मोजा होता की काढला होतास?"

नेरिओला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसरी शर्यत.

नेरिओ खुर्चीत. पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी गाडीचा तुकडा लागला आणि लाल गाडीचं चाक फुटलं. ओरेस्तेनं हळूहळू मान वळवली. मग सगळ्या बारनं वळवली.

"पाय कसा आहे तुझा?" ओरेस्ते म्हणाला.

"बरा आहे की."

"खाली जाऊन बघून ये ना जरा."

सगळे हसले. नेरिओही हसला, आणि गंमत म्हणून खाली गेला. अजून बुटाची नाडी सुटली नव्हती, तोच वर छप्पर कोसळल्यासारखा आवाज झाला. पुढच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळून वाळूत गेल्या होत्या, आणि चाक बदलून मागून आलेली लाल गाडी पहिली झाली होती.

आता कुणी हसत नव्हतं. लॉरिस जिन्याच्या तोंडाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "नेरिओ, आहेस तसाच राहा. श्वास घेतलास तरी चालेल."

तिसरी.

नेरिओनं ताप आल्याचं सोंग केलं आणि घरी टीव्ही लावला. दोनपैकी एक लाल गाडी सुरुवातीच्या रेषेवरच बंद पडली. लगेच फोन वाजला. त्याची बायको आर्जिया हिनं उचलला, ऐकलं, "बरं, ओरेस्ते," म्हणाली, आणि टीव्हीची तार भिंतीतून उपटली.

"आर्जिया, अगं मी आजारी आहे."

"तळघरात गार असतं. तापाला बरं."

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. बेकरीत बायका तिला रांगेत पुढे जाऊ देऊ लागल्या होत्या. "लग्न झाल्यापासून," ती त्याला मफलर गुंडाळत म्हणाली, "पहिल्यांदाच लोक तुझ्याबद्दल मला काहीतरी चांगलं सांगतायत. ते तेवढं घालवू नकोस."

जिंकलो.

बार्सिलोना. तळघर. कुणीतरी उशी दिली. जिंकलो.

मोनाको. तळघर. उशी, सलामी सॉसेजच्या कापांची बशी, गुडघ्यावर घ्यायला लोकरी पांघरूण. बाहेर लोक बिनबाह्यांचे शर्ट घालून फिरत होते. जिंकलो.

माँट्रियल. नेरिओला खोकला. जिंकलो.

फ्रान्स. नेरिओ तळघरात होता, त्यामुळे या शर्यतीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता कुणी म्हणेल, रात्री बातम्यांत पाहायचं. तो पाहायचा. पण निकाल ठाऊक असलेली शर्यत म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं गार सूप. पोट भरतं, जेवल्यासारखं वाटत नाही.

खाली बसून बसून त्याचे कान मात्र तयार झाले. एप्रिलमध्ये वर गर्जना व्हायची. मे महिन्यात टाळ्या. जूनमध्ये कुणीतरी "हं, बरं झालं" म्हणायचं. जुलैमध्ये फक्त खुर्च्या सरकायच्या. आणि ऑगस्टमध्ये काहीच नाही. शर्यत संपली हे त्याला घंटा वाजली की कळायचं, आणि घंटासुद्धा आता अशी वाजायची, जशी एखादी सून सासूच्या हाकेला ओ देते.

फादर सिल्वानोंचा खांदा गेला होता. रविवारी त्यांच्या अंगाला धुपापेक्षा मलमाचाच वास जास्त यायचा. एकदा तर विजयाबद्दल देवाचे आभार मानता मानता त्यांनी प्रवचनात जांभई दिली. आणि ती जांभई पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत अशी पसरत गेली की शेवटी कुणीच आमेन म्हणालं नाही.

हंगेरी.

विजेतेपद मिळालं. वर्ष संपायला पुष्कळ शर्यती बाकी असताना. नेरिओ एक बूट घातलेला, पांघरूण खांद्यावर, असा वर आला.

"झालं ना आता? आपला ड्रायव्हर जगज्जेता. आता मला माझी खुर्ची द्या."

"ड्रायव्हरचं झालं," ओरेस्ते म्हणाला. "संघाचं विजेतेपद बाकी आहे."

बेल्जियम. संघाचंही झालं.

"आता?"

"आता..." ओरेस्तेनं विचार केला. "आता सवय झालीय."

"कुणाला?"

"गाडीला."

लॉरिसनं ग्लास पुसता पुसता उसासा टाकला. "नेरिओ, तुला वाटतं आम्ही वर मजा मारतोय? अरे, पहिल्या फेरीला पुढे, शेवटच्या फेरीला पुढे. मधे काय बघायचं? मी परवा अख्खी शर्यत फ्रिज पुसला. आधी लोक वाद घालायचे, तहान लागायची, पुन्हा वाद घालायचे. आता एक कॉफी घेतात आणि माना टाकतात. मलाही कंटाळा आलाय रे जिंकण्याचा."

"मग एकदा हरू दे की."

फादरनी दुखऱ्या हातानं क्रूस काढला.

"असं बोलू नये, नेरिओ," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज उपासाच्या दिवशी मिठाईची आठवण व्हावी तसा आला.

"फादर, पुढची मोंझा आहे. मी बापाच्या खांद्यावरून पाहिलेली. एवढी एक."

"तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

"प्रार्थना नको, खुर्ची पाहिजे."

"ते ओरेस्तेच्या हातात आहे," असं म्हणून फादरनी जबाबदारी झटकली.

मोंझा.

गावातली तरणी माणसं सकाळीच बसनं मोंझाला गेली. बारमध्ये उरले लॉरिस, ओरेस्ते, फादर आणि ज्यांना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत असे तीन-चार म्हातारे. रविवारचं जेवण झालेलं. पोटात तोर्तेल्लिनी, बाहेर सप्टेंबरचं ऊन.

नेरिओ पिंपावर बसून होता. डावा बूट बाजूला. वरून गाड्यांचा घूंऽऽ असा एकसुरी आवाज येत होता, आणि त्या आवाजाखाली माणसाचा एकही आवाज नव्हता. खोकला नाही, शिवी नाही. त्यानं बराच वेळ कान दिला. मग पिंपाला आपला निश्चय ऐकवला आणि एका बुटानिशी जिना चढला.

वर सगळे झोपले होते.

ओरेस्ते हाताची घडी घालून ताठ झोपला होता, गाडीला हिरवा कंदील दाखवून डुलकी काढावी तसा. लॉरिसचं डोकं कॉफीच्या यंत्राला टेकलं होतं. फादर तोंड उघडं टाकून, प्रवचनातल्यापेक्षा जास्त मनापासून घोरत होते. म्हातारे एकमेकांच्या खांद्यांवर सुकत टाकल्यासारखे कलंडले होते.

आणि टीव्हीवर मोंझा होती. ती झाडं, तो लांब सरळ रस्ता, ते लाल झेंडे. लाल गाडी पहिली. दुसरी लाल गाडी दुसरी. तिसरी गाडी इतकी मागे की कॅमेऱ्याला तिची आठवणही राहिली नव्हती.

नेरिओ आपल्या खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले. त्याला वडिलांच्या टोपीचा वास आठवला. पहिल्या काही फेऱ्या तो रडला. पुढच्या काही फेऱ्या त्यानं नीट पाहिल्या. मग त्याला जांभई आली.

त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं मांडीला चिमटा काढला. लाल, लाल, मग रिकामा रस्ता. पुन्हा लाल, लाल, मग रिकामा रस्ता. मार्चपासून आपण ज्यासाठी खोकत बसलो ते हे?

तरीही शेवटची फेरी आली तेव्हा तो उठून उभा राहिला. लाल गाडी रेषा ओलांडून गेली. मार्चपासून साठवलेली आरोळी घशापर्यंत आली. त्यानं तोंड उघडलं, आजूबाजूच्या झोपलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि तोंडातून एवढंच आलं, "बरं."

मग त्याला घंटा आठवली. फादर झोपलेले. घंटा वाजली नाही तर गाव समजणार, हरलो. त्यानं फादरचा बरा खांदा धरून हलवला. "फादर. उठा. घंटा."

फादरनी डोळे उघडले आणि समोर नेरिओ पाहिला. वर. उजेडात.

"हरलो?" ते पुटपुटले.

ओरेस्ते ताडकन उठला. "नेरिओ वर? हरलो!"

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

"नाही रे, जिंकलो," नेरिओ म्हणाला. पण तोवर बार जागा झाला होता.

"टायर! टायरच गेला असणार," लॉरिस ओरडला. "मी वर्षभर सांगतोय, त्या टायरांत दम नाही."

"टायर कसले, ड्रायव्हर," एक म्हातारा म्हणाला. "जिंकून जिंकून माजला. मोनाकोलाच मला दिसलं होतं."

"मोनाकोला तू घोरत होतास."

"घोरतानाच दिसलं."

"जिंकलो," नेरिओ पुन्हा म्हणाला.

ओरेस्तेनं त्याची कॉलर धरली. "तू वर का आलास? सांग. का आलास?" पण त्याचे डोळे चमकत होते. असा तजेला त्याच्या तोंडावर एप्रिलनंतर कुणी पाहिला नव्हता. लॉरिसनं कमरेची उसण विसरून वाकून खालच्या फळीवरची चांगली बाटली काढली. फादरांनी एक असा शब्द वापरला की पुढच्या रविवारी त्यांना स्वतःपुढेच कबुलीजबाब द्यावा लागला असता.

घंटा वाजली नाही हे गावानं ऐकलं. दारं उघडली. लोक येऊ लागले. पुढे एप्रन घातलेली आर्जिया. "हरलो म्हणे?" तिनं धापा टाकत विचारलं. "नेरिओ, काय केलंस तू हे?" आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी बारमध्ये वाइन मागवली. बसायला जागा उरली नाही. टेबलावर मुठी आपटल्या जात होत्या. कुणी इंजिनाला शिव्या देत होतं, कुणी मेकॅनिकच्या आईला. जुन्या सगळ्या पराभवांची नावं निघत होती, घरातल्या गेलेल्या माणसांची निघावीत तशी मायेनं.

"अहो, जिंकलो," नेरिओ तिसऱ्यांदा म्हणाला. मग गप्प बसला. एवढी माणसं इतकी खूश असताना किती वेळा सांगणार?

मग जाहिराती संपल्या. मोंझाचा बक्षीस देतात तो सज्जा दिसला. वर दोन लाल ड्रायव्हर, खाली लाल गर्दी, राष्ट्रगीत.

बार हळूहळू शांत झाला. ओरेस्ते खाली बसला.

"पुन्हा?" तो म्हणाला.

लॉरिसनं बाटलीला बूच लावलं. लोक आपापले कोट घेऊन निघाले, मोडलेल्या लग्नातून निघतात तसे, कुणाच्या नजरेला नजर न देता. फादर खांदा चोळत हॅट शोधू लागले.

"मी पाहिली," नेरिओ म्हणाला. "खुर्चीत बसून. शेवटपर्यंत."

"शक्य नाही," ओरेस्ते म्हणाला.

"अरे, डोळ्यांनी पाहिली."

"तू पाहिली असतीस तर हरलो असतो. हरलो का?"

"नाही."

"मग नाही पाहिलीस."

"वाद घालू नकोस, नेरिओ," आर्जिया म्हणाली. "ओरेस्तेला कळतं त्यातलं."

ओरेस्ते दाराकडे वळला. "फादर, तुम्हाला जाग आली तेव्हा हा कसा उभा होता?"

फादरांना खोटं बोलता येत नव्हतं. "माझ्याकडे तोंड करून."

"म्हणजे टीव्हीकडे पाठ."

"हो, पाठ."

"आणि बूट?"

फादरांनी नेरिओकडे दयेनं पाहिलं. "एकच."

पुढची शर्यत.

नेरिओ वर. टीव्हीकडे पाठ. एक बूट. जिंकलो.

"कशी झाली शर्यत?" संध्याकाळी आर्जियानं ताट वाढता वाढता विचारलं.

"फार चुरशीची," नेरिओ म्हणाला. "फादर आणि लॉरिस जवळजवळ एकदमच झोपले. ओरेस्ते थोडक्यात मागे राहिला."