सुगी नावाची माणसं

सोलापूरच्या भवानी पेठेत बारशासाठी पाळणा भाड्याने देणारं दुकान एकच होतं, आणि त्याचा मालक भाड्याचं बोलायच्या आधी बाळाचं नाव विचारायचा. नाव ‘सुगी’ ठेवणार असाल तर भाडं माफ. पाळणा, बायकांना बसायला सतरंज्या, घुगऱ्यांसाठी पातेलं, सगळं फुकट. मुलगा असो वा मुलगी, अट तीच. मालकाचं स्वतःचं नावही सुगीच होतं. पेठेत त्यांना सगळे सुगीअण्णा म्हणत.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी बदली होऊन त्यांच्या समोरच्या खोलीत राहायला आलो. दुकानावर ‘सुगी पाळणा व भांडी भांडार’ अशी पाटी होती. एखादी कर्ती बाई दुकान चालवत असेल असं समजून मी आत डोकावलो आणि मालकीणबाई आहेत का, असं अदबीनं विचारलं. आतून कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे ओढलेले, झुपकेदार मिशांचे एक धिप्पाड गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, “मीच की. बसा.”

दुसरा कुणी ओशाळला असता. अण्णांनी मात्र मलाच धीर दिला. वर्षात दहा जण तरी असं विचारतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणाले आणि चहा मागवला.

या नावापायी त्यांचं जे काही झालं ते दुसऱ्या कुणाला सोसवलं नसतं. त्यांना हळदीकुंकवाची बोलावणी यायची. एका निवडणुकीत मतदारयादीत त्यांच्या नावापुढे ‘स्त्री’ छापून आलं. अण्णा सरळ बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. लोकांनी हटकलं तर म्हणाले की यादीत आहे ते आहे, रांग मोडून मी मत देणार नाही. मी शेजारच्या पुरुषांच्या रांगेत उन्हात तासभर तिष्ठत होतो. अण्णा माझ्या आधी सुटले, आणि बोटाची शाई दाखवत मला म्हणाले, “नावाचा उपेग असा हुतो, मास्तर.”

शाळेत रोज दोन वेळा हजेरी घेणारा मी, त्यामुळे नावातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. अण्णांनी तो आठवड्यात उतरवला. त्यांचं मूळ गाव मंद्रूपजवळ. माघात ज्वारीची काढणी चालू असताना त्यांची आई रानातच बाळंत झाली. बाप खळ्यावर होता. कुणीतरी धावत सांगायला आलं, तेव्हा बाप म्हणाला, “सुगी आली म्हणा की.” मुलगा की मुलगी हे त्यानं मागाहून विचारलं. अण्णांचा सगळा सिद्धान्त या प्रसंगावर उभा होता. बाकीची नावं बाळ बघून ठेवतात, हे बघायच्या आधी ठेवलेलं, म्हणून ते दोघांनाही चालतं. शब्द मराठी की कानडी, यावर आमच्या पेठेत वाद व्हायचा. कानडीत ते सुग्गी म्हणतात. अण्णा निकाल द्यायचे की पीक दोन्हीकडं येतं, भांडता कशाला.

“नाव कसं सोलापुरी चादरीसारखं पायजे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “बाप्यानं बी पांघरावं, बाईनं बी.”

दहा वर्षांत सोलापुरातल्या दर गल्लीत दोन सुगी असतील, असं ते छातीठोकपणे सांगत. प्रत्यक्षात काय प्रगती होती ते दुकानाच्या दारामागे दिसायचं. तिथं भिंतीवर कोळशानं चार रेघा ओढलेल्या होत्या. जगातल्या सुगी नावाच्या ज्ञात व्यक्तींची ती यादी. पहिली रेघ त्यांची स्वतःची. दुसरी अकलूजच्या एका म्हातारीची. तिचं नाव कानावर आल्याबरोबर अण्णा दुकान बंद करून एस.टी.नं गेले, तिच्या हातचं ताक प्यायले आणि तिला खण देऊन आले. तिसरी रेघ मंद्रूपच्या बाजारात पाहिलेल्या एका बैलाची होती. बैल कसा धरता, असं मी जरा मास्तरकीच्या सुरात विचारलं. तर म्हणाले, हाक मारली की मान वळवून बघतो, तुमच्या वर्गातली किती पोरं बघतात?

चौथी रेघ कुणाची, ते मात्र सांगत नसत. “हाय एक,” एवढंच म्हणत आणि पातेली मोजायला लागत.

फुकट पाळण्याच्या लोभानं कबूल होणारे पुष्कळ निघाले. पण बारशाला अण्णा स्वतः पाळणा घेऊन जात आणि दाराशी कान देऊन उभे राहत. आत ‘संजय’ नाहीतर ‘सुनीता’ ऐकू आलं की तसेच घरी येत. एका घरात तर बाळाच्या कानात सुगी म्हणून लगेच खालच्या आवाजात राजेंद्र म्हणाले. अण्णांनी त्यांना दुसऱ्या मुलाच्या वेळीही पाळणा फुकट दिला. माणसाला सुधारायची संधी द्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्या घरात दुसरा विजय झाला.

अण्णांच्या बायकोचं नाव पार्वती. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. बाई कामाला वाघीण, बोलायला कमी. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा नेम त्यांनी इतका कडक पाळला होता की सुगीच्या दिवसांनाही त्या ‘ज्वारी काढायचे दिवस’ म्हणायच्या. दुकानाचं नाव कुणी विचारलं तर पाटीकडे बोट दाखवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दुकानातला तो सागवानी पाळणा, चार कोपऱ्यांना लाकडी राघू बसवलेला, त्या दर सोमवारी तेलाच्या फडक्यानं पुसायच्या. पाळण्याची नको तेवढी काळजी घेते, असं अण्णा लटकं चिडून म्हणत.

दुष्काळ सरल्यानंतरच्या माघात आम्हाला मुलगी झाली. माझ्या बायकोला, शैलाला, आई नव्हती, म्हणून बाळंतपण सोलापुरातच करायचं ठरलं. ते सगळं अक्कांनी केलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला तेल लावणं. बदल्यात साधी चोळीसुद्धा घेईनात. शैलाने मुलीचं नाव ‘मनीषा’ ठरवलं होतं. अकराव्या दिवशी ती एकदम म्हणाली की आपण सुगी ठेवू. बाजारात नवी ज्वारी आली आहे, अण्णांनाही बरं वाटेल, आणि अक्कांचं ऋण असं तरी थोडं फिटेल. मी थोडी कुरकुर केली, कारण हजेरीत हे नाव पुकारताना मलाच हसू आलं असतं. पण खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं.

मला बहीण नाही. आत्या म्हणून अक्कांनीच नाव ठेवायचं, असं शैलाने परस्पर ठरवून टाकलं. नाव काय, ते अक्कांना आदल्या दिवशी सांगितलं. त्यांनी नुसती मान डोलावली.

बारशाला अण्णा नवं धोतर नेसून आले. पाळणा बांधला, राघूंना गोंडे लावले आणि नेहमीच्या जागी, दाराबाहेर जाऊन उभे राहिले. पेठेतल्या बायका जमल्या. अक्का पाळण्याशी वाकल्या, मागच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं. अगं, ह्या नवऱ्याचं नाव कशा घेणार? शैलाचा चेहरा पडला. एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती आणि मलाही नाही. दुसरी बाई पुढे व्हायला लागली, तशी अक्कांनी तिला हातानं थांबवलं.

“नवऱ्याचं न्हाय घेत मी,” त्या म्हणाल्या. “माझं घेते. लगीन व्हायच्या आदी मी बी सुगीच हुते की.”

मग वाकल्या वाकल्याच त्यांनी थोडक्यात सांगितलं. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या खाली. जन्म त्यांचाही काढणीतलाच. लग्नात मोठी माणसं म्हणाली की एका घरात दोन सुगी कशा चालतील? पोरीनं स्वतःचं नाव सांगितलं तरी नवऱ्याचं नाव घेतल्यासारखं होईल. म्हणून मांडवातच तिची पार्वती केली. त्या दिवसापासून तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही, आणि तिला ते स्वतः उच्चारता आलं नाही. तीस वर्षं.

“कुर्र,” अक्का बाळाच्या कानात म्हणाल्या. “सुगी.” रिवाजानं तेवढं पुरे होतं. त्यांनी ते चार-पाच वेळा म्हटलं, दर वेळी थोडं मोठ्यानं. धपाटे घालायचं कुणाला सुचलं नाही. शैला पदरानं डोळे पुसत होती, आणि माझीही तीच अवस्था होती. मी दाराकडे पाहिलं तर अण्णा पाठमोरे उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते पाळणा सोडायला आले, तेव्हा मी विचारलं की चौथी रेघ अक्कांची का?

“पयलीच तिची धरा,” ते राघूंचे गोंडे सोडत म्हणाले. “आठ दिवसांनी मोठी हाय माज्यापेक्षा, कुनाला सांगू नका.” त्यांनी दुसऱ्या राघूचा गोंडा सोडला. “नाव दोगांचं हुतं, मास्तर. माजं ऱ्हायलं, तिचं गेलं. मी मांडवात हुतो, काय बोललो न्हाय. मग वाटलं, कुनाच्या तरी घरात ठिवावं. तिच्या कानावर तरी पडंल.”

तुम्हीच घरात त्या नावानं हाक मारायची होती, असं मी म्हणालो.

“ज्यानं काडून घेतलं, त्यानंच कसं द्यायचं?” अण्णा म्हणाले, आणि पाळणा उचलून निघून गेले. भाड्याचा विषय निघाला नाही. दारामागे पाचवी रेघ आली.

मुलगी रांगायला लागली तशी दिवसभर त्यांच्या दुकानातच असायची. एक दिवस दुपारी मी शाळेतून परत येत होतो. ती अण्णांच्या पायाशी बसून झाऱ्यानं परात बडवत होती. परातीला पोचे पडू लागले, तेव्हा अण्णांनी तिला दटावलं, “ए सुगे, काय चाललंय?”

मुलीनं वर पाहिलंही नाही. आतल्या दारात मात्र अक्का आल्या, पिठाचे हात तसेच.

“काय ओ?” त्या म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं. पण त्या आत गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले.

“काय न्हाय, सुगे,” शेवटी ते म्हणाले. “हाक मारली नुसती.”