लाल गाडीचं नाक

"जवर माझ्या अंगात रगत हाय, तवर ह्या गाडीच्या नाकाला कुणी भोक पाडू शकत न्हाई," अशी घोषणा कुंडलच्या सुभेदार मानसिंगआबांनी केली.

घोषणा मोठी होती, यात शंका नाही. फक्त ती करताना आबा गाडीखाली उताणे पडलेले होते, बाहेर नुसते पाय दिसत होते आणि ऐकायला एकट्या बनुबाई होत्या. त्या अंगणात कुरडया राखत बसल्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "आवं, पर पाय तेवढं आकडून घ्या. कुरडयास्नी लागत्याल."

आबांनी पाय आखडून घेतले. रक्त अंगात असलं तरी घर बनुबाईंचं होतं.

गाडी विलायती, लाल, बिनछपराची आणि दोनच माणसांची. आबा लष्कराच्या वर्कशॉपात असताना परदेशी निघालेल्या एका साहेबानं ती बंद पडलेल्या अवस्थेत त्यांच्या गळ्यात मारली आणि पेन्शनीत आल्यावर आबांनी ती चालती केली. लांब उतरतं नाक, खाली रुंद तोंड, तोंडात चकचकीत जाळी. बंपर नावालाही नाही. ज्या कारागिरानं ती घडवली त्यानं पुढच्या नंबराचा विचारच केला नव्हता. गाडी येताना कुणाला दिसणारच नाही, निघून गेल्यावर काय ते मागून वाचावं, असा त्याचा हिशेब असावा. आबा तिला ऊसगाड्यांच्या मागून चालवत असल्यामुळे वाचणाऱ्याला वेळ मुबलक मिळे.

इतकी वर्षं नाकावर नंबराचं स्टिकर चिकटवून भागलं होतं. मग सरकारची नवी पाटी आली. पत्र्याची, सपाट, उठावाच्या अक्षरांची आणि एकदा ठोकली की तोडल्याशिवाय न निघणारी. कराडच्या फिटरनं मागची पाटी बसवली, नाकावरचं स्टिकर सोलून काढलं आणि ड्रिल मशीन घेऊन तो पुढं आला. त्यानं गाडीच्या नाकावर खडूनं दोन ठिपके काढले. आबांनी ते ठिपके रुमालानं पुसले, पुढची पाटी काखेत मारली आणि गाडी घेऊन घर गाठलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण आबांची नात प्रियदर्शनी हिचं लग्न ठरलं होतं आणि ती एवढीशी होती तेव्हा आबांनी तिला शब्द दिला होता की तुझी पाठवणी ह्याच गाडीतून करीन. नवरदेव जयराज गाडी चालवणार, शेजारी नवरी बसणार आणि आबा मागून कुठल्याही वाहनात, जागा मिळाल्यास, येणार. पोरीनं तो शब्द कधी सोडला नव्हता.

आणि जयराजचे वडील नानासो निघाले निवृत्त मोटार वाहन निरीक्षक! नोकरीतून माणूस निवृत्त झाला होता, डोळे झाले नव्हते. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी चष्मा लावून गाडीचं तोंड बघितलं होतं.

"पाव्हणं, गाडी लय देखणी हाय," ते म्हणाले होते. "पर म्होरं नंबर न्हाई. असल्या गाड्या आडवण्यात माझी उमर गेली. आता माझीच सून असल्या गाडीतनं माझ्या दारात उतरली, तर कराडात मी तोंड कुठं दाखवू? नंबर बसवा. न्हाईतर मी आमची मोठी गाडी धाडतो."

म्हणजे एकीकडे नातीला दिलेला शब्द आणि दुसरीकडे गाडीचं नाक. आबांनी दोन्ही राखायचं ठरवलं. माणूस थकतो तो असल्या ठरवण्यानं.

पहिला उपाय शेजारच्या गुंडाचा. गुंडा हे नाव, धंदा बैल पाळण्याचा. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, खालून वरून बघितलं आणि निदान केलं. वेसण घालायची तर नाक टोचावं लागतं, पण मोरकी नुसती तोंडावरून बांधतात. मग नाक टोचतंय कोण? त्यानं शर्यतीच्या बैलाची ठेवणीतली मोरकी आणली, गोंड्यांची आणि घुंगरांची, ती दोन्ही दिव्यांच्या मागून आवळली आणि बरोबर तोंडावर पाटी बांधली. आबांना ती कल्पना शास्त्रशुद्ध वाटली, हे त्यांच्या वर्कशॉपातल्या नोकरीला शोभलं नाही; पण नाकावर प्रेम बसलं की माणसाचं शास्त्र असंच होतं.

पाटी नानासोंना दाखवायला दोघं कराडला निघाले. घुंगरांचा आवाज छान येत होता. ताकारीत एकानं गाडी कुठल्या बाजाराला चाललीय असं विचारलं आणि गुंडानं त्याला दात किती आहेत तेही सांगितलं. शेणोलीच्या अलीकडे मात्र बॉनेटमधून वाफ निघाली. पाटीनं तोंड झाकल्यामुळे इंजिनाला वारा मिळत नव्हता. गाडी एका रसवंतीपुढे जाऊन थांबली आणि शिट्टी वाजवू लागली. रसवंतीवाल्यानं माणुसकीनं बादली दिली. बादलीत रसाची भांडी धुतलेलं पाणी होतं, हे गाडी पुन्हा तापल्यावर कळलं. नानासोंच्या दारात ती पोचली तेव्हा तिला गुऱ्हाळाचा वास येत होता.

नानासो तिच्यापुढं उकिडवे बसले. त्यांनी एका बोटानं पाटी हलवली. घुंगरं वाजली.

"वाचता येतंय," ते म्हणाले. "पर हलतंय. नंबर म्हंजे काय कानातलं डूल न्हवं, पाव्हणं."

परत येताना पाटी गुंडाच्या मांडीवर होती.

दुसरा उपाय आबांचा स्वतःचा. त्यांनी गाडीच्या पोटाखालून एक लोखंडी हात काढला, तो तोंडापुढं खाली आणला आणि त्यावर पाटी बसवली. वाढप्यानं पंगतीत ताट पुढं करावं तशी गाडी आता नंबर पुढं करून उभी राहिली. भोक नाही, मोरकी नाही, तोंड मोकळं. आबांनी तिच्याभोवती दोनदा फेरी मारली. बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली.

पण गाडी मुळात बुटकी आणि गल्लीतला गतिरोधक गावकऱ्यांनी स्वतः, मनापासून, बांधलेला. त्यावरून उतरताना लोखंडी हात वाकला, पाटी फावड्यासारखी जमिनीला लागली आणि आबांनी ब्रेक दाबेपर्यंत गाडी गल्लीतल्या धोंडुबाईंनी कडेला वाळत घातलेल्या ओल्या शेणींच्या रांगेतून शेवटापर्यंत गेली. थांबली तेव्हा तोंडात शेण, पाटी दुमडलेली आणि, जे सगळ्यात वाईट, नाकावर त्या लोखंडी हातानं ओढलेला लांब पांढरा ओरखडा.

धोंडुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आपण आयुष्यात रेडा आवरलाय, म्हैस आवरलीय, पण शेणी खाणारी गाडी पहिल्यांदाच बघतोय, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं. आणि नेमके त्याच वेळी मानपानाचं बोलायला आलेले नानासो गल्लीच्या तोंडाशी उतरले. ते जवळ आले. गाडीपुढं वाकले. शेणातून बराच वेळ काहीतरी वाचायचा प्रयत्न करून उठले.

"मी मोठी गाडी धाडतो," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आबा ओरखड्यावरून बोट फिरवत बसले होते. ज्या नाकासाठी एवढं केलं ते नाक त्यांनीच खरवडलं होतं. प्रियदर्शनी येऊन शेजारी टेकली.

"आबा, माझं नाक टोचलं तवा मी कुणाच्या मांडीवर हुते?"

"माझ्या."

"रडाय लागले तवा तुमी काय म्हणालता?"

बनुबाईंनी घरातून उत्तर दिलं. "मुंगी चावल्यागत हुतंय, म्हणालतं. पोरगी पंधरवडाभर यांच्याशी बोलली न्हाई."

"मला मोठ्या गाडीतनं जायचं न्हाई, आबा," प्रियदर्शनी म्हणाली. एवढंच.

आबांनी नवी पाटी मागवली. ती आली तोवर मांडवाचे बांबू आले होते. फिटर ड्रिल घेऊन घरीच आला. बनुबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि बॉनेटवर गुळाचा खडा ठेवला. तोंड मोकळं राहावं म्हणून पाटी डाव्या अंगाला, बायका चमकी घालतात तिथं, बसवायचं ठरलं. प्रियदर्शनीनं दोन्ही हातांनी गाडीचं नाक धरलं. आबांनी फिटरच्या हातातून मशीन घेतलं, कारण करायचंच तर परक्याच्या हातून नको. मग त्यांनी मान फिरवून डोळे मिटले. गुंडानं घाईनं मशीन सरळ केलं म्हणून भोक गाडीलाच पडलं.

मुंगी चावल्यासारखं काही झालं नाही. पिठाच्या गिरणीत खिळा गेल्यासारखा आवाज झाला. मग दुसऱ्यांदा झाला. फिटरनं पाटी ठोकून पक्की केली आणि आता ही तोडल्याशिवाय निघत नाही असं बजावलं. आबा ओट्यावर जाऊन बसले आणि बनुबाईंनी बॉनेटवरचा गूळ त्यांच्या हातावर ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी नानासो खास तपासायला आले. पाटी वाचली, दोन्ही हातांनी ओढली, गुडघा टेकून पुन्हा ओढली. पाटी ढिम्म हलली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच व्याह्याबद्दल आदर दिसला.

"ह्येला म्हणत्यात नंबर," ते म्हणाले. मोठी गाडी रद्द झाली.

लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. जयराज चालवायला बसला, प्रियदर्शनी डोळे पुसत शेजारी बसली आणि रडता रडता आबांकडं बघून हसली. आबांनी गाडीच्या नाकावर हात ठेवला. सगळं झालं होतं. शब्द राहिला होता, नाकही तसं होतंच. आता फक्त गाडी सुटायची होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नानासो आले. त्यांच्या काखेत थर्माकोलची मोठी पाटी होती. लाल बदामात चमकीनं नवरा-नवरीची नावं लिहिलेली, खास कराडहून करून आणलेली. ती त्यांनी गाडीच्या तोंडावर धरून बघितली.

"तिथं नको," आबा म्हणाले. "तापती."

नानासोंनी ती बॉनेटवर ठेवून बघितली, माळांवरून घसरली. मग डाव्या बाजूला, बरोबर नंबरावर, धरून बघितली. मान तिरकी करून लांबून न्याहाळली. बसत होती, पण खालच्या पत्र्यामुळं नीट टेकत नव्हती. ते आबांच्या जवळ आले आणि चारचौघांत व्याह्याला त्रास नको म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"पाव्हणं, तेवढी नंबरप्लेट काढून देता का जरा? घरी पोचलं की परत लावू."