वाटेचं माहेरपण

बाल्दोसेराच्या दरीतली खडीची वाट दरवर्षी ऑक्टोबरात पंधरा दिवस माहेरी जाते, आणि तिला न्यायला कुणीतरी यावं लागतं.

ही वाट सव्वीस किलोमीटर लांब आहे. स्पेनच्या डोंगरांत, खालच्या गावाच्या दगडी पुलापासून ती निघते आणि नदीच्या कडेकडेने वर खिंडीपर्यंत जाते. मोटारींना बंदी आहे. सायकली चालतात, गाई चालतात, आणि फार उशीर झाला तर चर्चचा पाद्रीही चालतो. शंभरेक वर्षांपूर्वी खिंडीपलीकडच्या खाणीतून खडी आणून ती इथे अंथरली. म्हणजे ती बाहेरून आलेली. बाहेरून आलेलीला माहेरपण असायचंच, त्यात गावात कुणाला नवल वाटत नाही. त्या पंधरवड्यात दरीत नुसतं गवत असतं आणि सायकलवाले घरी बसून चेनी धुतात.

शाल्मलीला हे निरंजनने लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. ओला कचरा कुठल्या वारी न्यायचा ते सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि ऑक्टोबरात इथला रस्ता माहेरी जातो."

"रस्ता कसा जाईल? वाट जात असेल," शाल्मली म्हणाली.

निरंजनला फरक कळला नाही. तो पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि रविवारी मनगटावरच्या घड्याळाला विचारून सायकल चालवायचा. शाल्मली बाकीचे सहा दिवस चालवायची, एकटी, दुपारची. आटपाडीला ती मुरमाच्या रस्त्यावरून सायकलने शाळेत जात असे, त्यामुळे खडीत पुढचं चाक सटकलं की हँडल आवळायचं नाही, सैल सोडायचं, हे तिला शिकवावं लागलं नाही. निम्मा संसारही याच नियमाने चालत असावा, असा तिचा आठ महिन्यांचा अंदाज होता.

दुपारी दरीत माणूस नसे. टायरखाली खडी करकरायची, नदी बोलायची, आणि शाल्मली मराठीत वाटेला काहीबाही सांगायची. वाट ऐकून घ्यायची. घरी आल्यावर सात वाजेपर्यंत ती खिडकीत निरंजनची वाट पाहायची. खिडकीतून दिसणारी वाटही तीच, त्यामुळे दोन्ही कामं एकदमच होत.

त्या वर्षी ऑक्टोबर निम्मा उलटला तरी वाट दरीतच होती.

आपल्याकडे सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. वाटेचा मुऱ्हाळी म्हणजे एउसेबिओ नावाचा म्हातारा. तरुणपणी तो त्या खाणीत खडी फोडायचा. खाण पुढे बंद पडून तिच्यात पाणी साठलं, तेव्हापासून तो वाटेला स्वतःच्याच खळ्यावर नेऊन ठेवायचा. आई गेल्यावर माहेर भावाचं, हे तिकडेही तसंच आहे. पण यंदा ग्रामपंचायतीला त्याचं पत्र आलं. गुडघे गेल्यामुळे तो शहरात लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला होता. 'माझी फार इच्छा आहे,' त्याने लिहिलं होतं, 'पण ती लिफ्टमध्ये मावणार नाही.'

वाटेला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं असावं. आधी ती उतारांवर सैल पडली. मग अकराव्या किलोमीटरचं वळण, जे जन्मभर नदीकडे बघत आलं होतं, ते खिंडीकडे बघू लागलं. ऑक्टोबर संपेपर्यंत कुणी न्यायला आलं नाही तर त्या वर्षीची रजा बुडते, असा नियम आहे. पूर्वी एकदा बुडाली होती. त्या हिवाळ्यात वाट गावातून निघायची, पण कुठे पोचायची नाही.

वळण फिरलं त्याच संध्याकाळी शाल्मलीने भावाला फोन केला.

"विशू, पहिला दिवाळसण आहे रे माझा."

"मला काय सांगतीस? आई रोज सांगतीय. आलो असतो गं ताई न्यायला, पण व्हिसावाले विचारतात, कशासाठी जायचंय. मुऱ्हाळी म्हणून, असं लिहिलं तर खुळ्यात काढतील."

"मी आले असते. पण माझं राहण्याचं कार्ड नव्याने करायला दिलंय. ते येईपर्यंत देश सोडायचा नाही म्हणतात."

"दाजींना रजा?"

"नाही."

"मग बस तिथंच. फोटो पाठवतो चकलीचा."

शाल्मली हसली आणि फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. बाहेर अकराव्या किलोमीटरचं वळण खिंडीकडे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रामपंचायतीत गेली. तिथे रेमेदिओसबाई बसायच्या. तीस वर्षं त्याच खुर्चीत काढल्यामुळे खुर्चीने त्यांचा आकार घेतला होता.

"मी नेऊ का तिला?" शाल्मलीने विचारलं. तिचं स्पॅनिश अजून वर्तमानकाळातच होतं. भूतकाळाचा वर्ग जानेवारीत सुरू होणार होता.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दरीतली आहात?"

"नाही. बाहेरून आणलेली आहे."

"मग चालेल." त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. "नेणारा बाहेरचाच लागतो. सायकल येते?"

"येते."

"घाई करायची नाही. ती मध्येच थांबली तर आपणही थांबायचं. सासरचं काही बोलायला लागली तर ऐकायचं, पण इथे येऊन सांगायचं नाही."

शाल्मलीने फॉर्म भरला. नाव, सायकलचा रंग, टायरची रुंदी. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, 'नेणाऱ्याचं घर कुठे आहे?' तिने लिहिलं, आटपाडी, जिल्हा सांगली. आठ महिन्यांपूर्वी लग्न झालेल्या बाईला घर विचारलं की हात जिकडे जातो, तिकडे तिचा गेला. चूक झाल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा बाईंनी शिक्का मारला होता.

"थांबा, ते चुकलं. तो माझ्या माहेरचा पत्ता आहे."

बाईंनी फॉर्म वाचला. "चुकलंय कुठे? नेणाऱ्याच्या घरी वाट जाते. हे तुमचं घर आहे की नाही?"

शाल्मलीला यावर होय किंवा नाही म्हणायचं होतं. वर्तमानकाळात दोन्ही म्हणता येत नव्हतं.

"पण मला देश सोडायला मनाई आहे."

"वाट ग्रामपंचायतीची आहे," रेमेदिओसबाई म्हणाल्या. "ती जिथे असेल तिथे आपली हद्द. वाटेवर आहात तोवर तुम्ही दरीतच आहात. फक्त पाय खाली ठेवलात तर खडीवरच ठेवा. आणि परत आणायला सासरचं माणूस आलं पाहिजे, नाहीतर ती उठत नाही."

निरंजनला तिने जेवताना सांगितलं. त्याने आधी वाटेतले चढ विचारले, मग टायरमध्ये हवा किती ठेवणार ते. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "पंधरा दिवस?"

"पंधरा."

"बरं," तो म्हणाला आणि आमटी परत वाढून घ्यायची विसरला.

शाल्मलीने दशम्या बांधून घेतल्या आणि दगडी पुलावरून निघाली. वाट पाठोपाठ उठली. मागची खडी दोन्ही बाजूंनी सरसरत पुढे यायची आणि चाकापुढे पडायची, त्यामुळे खिंड संपली तरी वाट संपली नाही. मोटारी कुठेच लागल्या नाहीत, कारण नियमाप्रमाणे वाटेवर त्यांना बंदी होती. समुद्राचं वाटेने काय केलं हे शाल्मलीला सांगता येत नाही. तिथे उतार होता, आणि उतारावर ती फक्त चाकापुढे बघते. दशमी तीन दिवस टिकते, म्हणून प्रवासही तीन दिवसांत झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डाव्या हाताला डाळिंबाची बाग दिसली. ती ओळखीची होती.

विशू फाटकाशी गाडी पुसत होता. त्याने आधी बहिणीकडे बघितलं, मग तिच्या मागे. "ताई? आणि हे काय आणलंस?"

"वाट आहे. माहेरपणाला आलीय."

"किती लांब?"

"सव्वीस किलोमीटर."

विशूने अंगणाकडे बघितलं. "मावंल का?"

"न मावायला काय झालं?" आई आतून भाकरीचा तुकडा घेऊन आली. "दोन लेकी आल्या तर घर काय फाटतंय? सरक बाजूला." तिने तुकडा दोघींवरून ओवाळून टाकला, शाल्मलीच्या पायांवर पाणी घातलं आणि उरलेलं खडीवर ओतलं.

शेजारच्या गोदाक्का कुंपणावरून म्हणाल्या, "जावई न्हाई आलं? वाटच आली व्हय?"

"जावयाची बसून वाट बघण्यापेक्षा हिला बघा की," आई म्हणाली.

वाटेने बागेला दोन वेढे घातले, तळ्याच्या बांधावरून पलीकडे ती कुठवर गेली हे कुणी बघायला गेलं नाही. शाल्मलीला खडी सोडता येत नव्हती, म्हणून तिने एक बारीक फाटा स्वयंपाकघरात चुलीपर्यंत घातला. एक न्हाणीत, एक माळ्याच्या शिडीपर्यंत. आई रोज सकाळी अंगणातल्या तुकड्यावर सडा घालून रांगोळी काढायची. आठ दिवसांत वाट भरून आली. वळणं पुन्हा गोल झाली. शाल्मलीचंही वजन वाढलं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

निरंजनचा फोन रोज तिकडच्या सात वाजता यायचा.

"काय करतोयस?"

"तुझी वाट पाहायला पुलावर आलोय," एके दिवशी तो म्हणाला. "पण इथे वाटच नाहीये."

"मग काय पाहतोस?"

"जिथे होती ती जागा."

शाल्मली चुलीपाशी खडीवर बसली होती. कढईत अनारसे होते, विशू मागून डबा वाजवत होता, हवं ते सगळं हाताशी होतं. आणि तिला एकदम दुपारची ती दरी आठवली, माणूस नसलेली. खिडकी आठवली. इकडे असताना तिकडे, तिकडे असताना इकडे. हा काळ स्पॅनिशमध्ये कितव्या धड्यात असेल, असं तिला वाटलं.

"पाडव्याला पंधरा दिवस भरतात," ती म्हणाली. "न्यायला कुणी आलं नाही तर आम्ही दोघी उठत नाही."

"मी कशाने येऊ? वाट तर तुझ्याकडे आहे."

"ते पंचायतीत विचार."

त्याने विचारलं. रेमेदिओसबाई म्हणाल्या, येणाऱ्याने निघायचं असतं, वाट तिकडून पाहिली जाते. याचा अर्थ काय, असं त्याने विचारल्यावर त्यांनी खिडकी बंद केली, कारण दोन वाजले होते. त्यानंतर दोन दिवस त्याचा फोन लागला नाही.

पाडव्याच्या सकाळी आईने दोघींची ओटी भरली. शाल्मलीच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला, वाटेच्या कडेला तांदूळ आणि नारळ ठेवला. ब्लाउजपीसही ठेवला, मग वाऱ्याने उडेल म्हणून त्यावर एक खडा ठेवला. विशूने सायकलला तेल दिलं. ओवाळणीचं तबक उंबऱ्यावर तयार होतं. दहा वाजले, अकरा वाजले.

"आता गं?" आईने विचारलं.

"आता काही नाही," शाल्मली म्हणाली. ती पायरीवर बसली, पाय खडीवर ठेवले, आणि वाट पाहू लागली. वाटही पायरीशी पडून होती. गोदाक्काही कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

मग तळ्याच्या पलीकडून, फार लांबून, खडी करकरल्याचा आवाज आला. आईला तो ऐकू आला नाही. विशूलाही नाही. शाल्मली उठून उभी राहिली.

कोण ते वाटेला तिच्याही आधी कळलं असावं. तिने मधली दोन वळणं सरळ केली.