बांधावरचं धुकं

अकरा वर्षं सलग नापास झाल्यावर श्रीमंत लगड यांचा फोटो प्रदर्शनात लागला. ही बातमी आली तेव्हा ते नगरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसले होते आणि एकाच पाकिटावर दुसऱ्यांदा शिक्का मारत होते. त्यांनी फोन ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याच पाकिटावर तिसरा शिक्का मारला.

स्पर्धा नगरच्याच एका छायाचित्र मंडळाची. विभाग 'ग्रामीण निसर्गदृश्य'. नियम एकच, पण कडक: चित्रात माणूस किंवा मानवनिर्मित वस्तू दिसता कामा नये. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या नगरची लग्नं त्यांनी टिपलेली असल्यामुळे माणूस या विषयाचा त्यांना कंटाळा आला असावा. ते प्रत्येक फोटो भिंग घेऊन तपासत. पहिल्या वर्षी श्रीमंतरावांच्या फोटोत विजेचा खांब निघाला. दुसऱ्या वर्षी खांब टाळला तर तार निघाली. तिसऱ्या वर्षी ठिबकची नळी. चौथ्या वर्षी त्यांनी कर्जतकडचा एक उजाड माळ टिपला, तर भिंगाखाली तीन किलोमीटरवरचा वाढदिवसाचा एक फलक सापडला आणि त्यावर हात जोडलेली पाच माणसं. एका वर्षी नुसतं आभाळ काढलं, त्यात विमानाची रेघ होती. जिल्ह्यात ग्रामीण भाग चिक्कार आहे, पण ग्रामीण निसर्गदृश्य नाही, असं श्रीमंतरावांचं मत होत चाललं होतं.

मग डिसेंबरात ते सासुरवाडीला गेले. सासुरवाडी काष्टीजवळ. पहाटे साडेपाचला जाग आली म्हणून ते कॅमेरा गळ्यात अडकवून रानात निघाले आणि थोड्या वेळानं त्यांना आपण जागे आहोत की नाही, याची खात्री वाटेना. भीमेकडून धुकं आलं होतं. ते घाईनं आलं नव्हतं. एकेक गोष्ट नीट पाहून, हातात घेऊन, बाजूला ठेवत आल्यासारखं आलं होतं. मोबाईलचा टॉवर गेला. खांब गेले, तारा गेल्या. उसाची ट्रॉली, कोंबड्यांची शेड, मेव्हण्याचा खांबाखांबांचा बंगला, सगळं गेलं. राहिली हरभऱ्याची एक ओली पट्टी, त्यापलीकडे बांध आणि बांधावर एक कडुलिंब. लिंबाचं बूडही धूसर झालं होतं, त्यामुळे तो जमिनीत उभा आहे की जाता जाता सहज थांबलाय, ते कळत नव्हतं. श्रीमंतरावांनी एकदाच बटण दाबलं. मग बुटात दव शिरेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

आप्पासाहेबांनी या फोटोवर भिंग चाळीस मिनिटं फिरवलं. काही सापडलं नाही. वीस बाय तीस इंचांची प्रत प्रदर्शनात लागली आणि त्यांच्या पत्नी सविताबाईंनी तिचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "ह्यांनी काढलाय. आपलं रान."

चार मिनिटांत थोरले बंधू कारभारी यांचा अंगठा आला. धाकटे बंधू भागवत यांच्याकडून काहीच आलं नाही. त्यांचा फोन आला.

"दाजी, फोटू कुठनं काढला?"

"बांधाजवळून."

"कुनाच्या बाजूनं?"

"ते कसं सांगू? धुकं होतं."

"धुकं सगळीकडं हुतं. तुमचे पाय कुठं हुते?"

प्रश्न अडचणीचा होता. दोघा भावांची रानं शेजारी आणि मध्ये हा बांध. कारभारी दरवर्षी नांगरताना बांध बोटभर कोरतात, असं भागवतांचं म्हणणं. बांध होता तिथंच आहे, भागवतची नजर सरकलीय, असं कारभारींचं म्हणणं. तीन वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. सविताबाई दोन्हीकडे जात आणि दोन्हीकडे जेवत. श्रीमंतराव उभे होते ते कारभारींच्या हरभऱ्यात, आणि त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग असं होतं, की जवळची बाजू ऐसपैस दिसायची आणि लांबची आवळायची. फोटोत कारभारींचं रान दोन एकरांचं वाटत होतं आणि भागवतांचं ओट्याएवढं. लिंब सरळ सरळ कारभारींकडे आला होता.

कारभारींनी फोटोची एक प्रत मागवून काष्टीच्या आठवडी बाजारात चार जणांना दाखवली. "नगरला लागलाय," ते म्हणाले. "उगं लागतंय व्हय? तपासून लावत्यात."

हे भागवतांच्या कानावर गेलं आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, बारा वाजता, ते एसटीनं नगरला आले. त्यांच्या खिशात अर्ज होता. फोटो खोटा असून भिंतीवरून काढावा, अशी त्यात विनंती होती. मागच्याच गाडीनं कारभारी आले. त्यांच्याकडे अर्ज नव्हता, पण त्यांनी नवा पटका बांधला होता.

पाच वाजता बक्षीस समारंभ होता. चारला पुण्याहून परीक्षक येणार होते.

"फोटो मागे घ्या," आप्पासाहेब अर्ज वाचून श्रीमंतरावांना हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

श्रीमंतरावांनी भिंतीकडे पाहिलं. खिळा, दोरी, चौकट आणि खाली टंकलेलं स्वतःचं नाव. अकरा वर्षांत हे नाव त्यांनी भिंतीवर फक्त हजेरीच्या तक्त्यात पाहिलं होतं.

"मागे घेणार नाही," ते म्हणाले. आयुष्यात इतकं ठाम वाक्य ते प्रथमच बोलले होते, त्यामुळे त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा हळू आवाजात म्हणून पाहिलं.

"ह्यांना सांगा," भागवत भावाकडे न पाहता म्हणाले, "की बांध असा नव्हता. आमच्या आज्यानं घातलेला बांध हाय त्यो. पाटीपाटीनं माती वाहिली त्यानं. त्या टायमाला सरळ हुता."

आप्पासाहेबांनी कान टवकारले. "म्हणजे बांध माणसानं घातलाय?"

"मग काय आभाळातनं पडला?"

"मानवनिर्मित," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावला.

कारभारी पुढे आले. "दाजी, त्याला सांगा, बांध पहिल्यापसनं हाय. त्याला कुनी घातला न्हाई आन् कुनी सरकवला न्हाई."

"मग मघाशी 'आज्यानं घातला' असं कोण म्हणालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"आजा आमचा दोघांचा," भागवत म्हणाले. "त्यो तरी वाटून न्हाई दिलेला अजून."

सविताबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "दोघांना चहा सांगा. आणि एकदम सांगा, नाहीतर आधी कुणाला दिला यावरून आणखी एक बांध व्हायचा."

आप्पासाहेब नियमांचे होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी तोडगा काढला. फोटोभोवती पांढऱ्या जाड पुठ्ठ्याची चौकट असते, तीच जरा रुंद करायची. खालची पट्टी झाकली की बांध गेला. बांध गेला की भांडणही गेलं. भागवतांना हे पटलं. कारभारी म्हणाले, "बांधच न्हाई म्हटल्यावर सगळं रान एकच दिसल," आणि त्यांनाही पटलं. आप्पासाहेबांनी पुठ्ठा कापला.

आता लिंब अधांतरी राहिला. फोटो उलट आणखी स्वप्नातला वाटू लागला. श्रीमंतरावांना तो आवडलासुद्धा.

"लिंब तर तिकडंच दिसतोय की," भागवत म्हणाले. "आईनं लावलेला लिंब हाय त्यो. मी पोटात हुतो तवा."

"त्यो मी लावलाय," कारभारी छताकडे बघत म्हणाले. "आईनं नुसतं पानी घातलं."

आप्पासाहेबांनी कात्री खाली ठेवली नव्हती. "कोणी का लावेना, लावलेला आहे ना? लावलेलं झाड म्हणजे बाग झाली. बागेचा विभाग वेगळा आहे. तो ऑगस्टमध्ये असतो."

"आपोआप उगवला असं म्हणा की दोघं," श्रीमंतराव काकुळतीला येऊन म्हणाले.

उगवला म्हणायचं तर आईचं पाणीही गेलं आणि कारभारींचं लावणंही. ते कोणालाच परवडणारं नव्हतं. दुसरी चौकट आली. लिंब गेला.

खाली डाव्या कोपऱ्यात हरभऱ्याचा हिरवा ओलावा तेवढा उरला होता.

"आता हे कोणाचं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माझं," कारभारी म्हणाले. "गावरान हाय. दाना दाना हातानं टोकलाय."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तोवर आप्पासाहेब पट्टी लावून मोजत होते. श्रीमंतराव मध्ये पडले नाहीत. मघापासून ते पहाटेसारखेच उभे होते. एकेक गोष्ट हळूच बाजूला ठेवली जात होती आणि कात्रीचा आवाज फार लांबून येत होता. आपलं नाव मात्र अजून खाली आहे, एवढं त्यांनी मधूनमधून वाकून पाहिलं.

चार वाजता भिंतीवर एक मोठी पांढरी चौकट होती आणि तिच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं धुकं. पुठ्ठा कुठं संपतो आणि पहाट कुठं सुरू होते, हे जवळ जाऊनच कळत होतं.

पुण्याचे परीक्षक आले. खेळते ढग, पळते घोडे, मावळते सूर्य यांच्यासमोरून ते भराभर सरकले आणि इथं येऊन थांबले. चष्मा वर केला, खाली केला, दोन पावलं मागे गेले.

"कुठलं?"

"काष्टीजवळचं," श्रीमंतराव म्हणाले.

"जाणवतंय," परीक्षक म्हणाले. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्यांनी फार काही काही दाखवलंय हो."

पहिलं बक्षीस मिळालं. शाल, नारळ, सन्मानचिन्ह. टाळ्या वाजल्या. आप्पासाहेबांनी भाषणात सांगितलं, की मंडळाच्या इतिहासात नियमांचं इतकं संपूर्ण पालन करणारी ही पहिलीच कलाकृती आहे. श्रीमंतरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, त्यांना दोन शब्द सुचले नाहीत, ते बसले. परीक्षकांनी याचीही मनापासून दाद दिली.

हॉल रिकामा झाला. सविताबाई शाल घडी करत होत्या. श्रीमंतराव आपल्या फोटोपाशी गेले, तर तिथं दोघे भाऊ आधीच उभे होते. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. दोघेही धुक्यात बघत होते.

मग कारभारींनी पटका सारखा केला आणि काचेवर बोट ठेवलं. "भागवता," ते म्हणाले. तीन वर्षांनी. "लिंब हितं हाय बघ."

भागवत पुढे झाले. डोळे बारीक करून त्यांनी त्या पांढऱ्या रंगात बघितलं. श्रीमंतरावांनीही बघितलं. त्यांना काही दिसलं नाही.

"हितं न्हाई, दादा," भागवत म्हणाले. "जरा हिकडं. आई बसायची त्यो दगड बघ. त्याच्या अंगाला."

कारभारींनी नीट पाहिलं.

"व्हय की," ते म्हणाले आणि त्यांनी बोट भागवतांच्या बाजूला सरकवलं.