गाभण मादी, एक

आईच्या अंगात जे असतं तेच बाळाच्या अंगात उतरतं, हे आता विज्ञानाने मान्य केलं आहे. (आज्यांना ते आधीच माहीत होतं, पण त्यांच्याकडे तक्ते नव्हते.)

म्हणूनच त्या प्रयोगशाळेत गाभण उंदरिणींना लस टोचत; पिल्लांना जन्मतःच जंतूंनी गाठू नये, हा हेतू. त्यांची देखभाल करणारी पिंजरेवाली स्वतः सातव्या महिन्यात होती. हा प्रयोगाचा भाग नव्हता.

प्राणिकल्याण समितीचे नियम मायेचे होते. गाभण मादीजवळ गोंगाट नको, तिला दगदग नको, खाली मऊ कागदाचा चुरा हवा. हे सगळं पिंजरेवाली रोज नऊ तास उभ्याने पुरवी. पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा तिने कचेरीत खुर्ची मागितली.

"खरेदीची बैठक चार महिन्यांनी," कारकून म्हणाला.

"तोवर मी बाळंत होईन की हो!"

"मग खुर्ची कशाला लागतेय?"

बिनतोड मुद्दा होता. ती परतली आणि तिने समितीचा छापील अर्ज भरला: गाभण मादी, एक. वजन बासष्ट हजार ग्रॅम. लक्षणं: पाय सुजणे, चिडचिड.

मंजुरी त्याच दिवशी आली. (उंदरांची कामं रखडत नाहीत.) एका सदस्याला वजन जरा जास्त वाटलं, दुसरा म्हणाला, वाण वेगळा असेल. आदेश निघाला: दर दोन तासांनी विश्रांती, सकस आहार, ओझं वर्ज्य.

तिने तो भिंतीवर डकवला आणि उंदरांच्या खाद्याच्या डब्यावर बसली.

"हे काय?" प्रयोग चालवणाऱ्या सरांनी विचारलं.

"समितीचा आदेश, सर. मोडला तर प्रयोग रद्द होतो."

सरांनी तो दोनदा वाचला आणि स्वतःची खुर्ची आणून दिली.

महिन्याने निकाल लागला. लस घेतलेल्या आयांची छत्तीसपैकी चौतीस पिल्लं जगली. तुलनेसाठी ठेवलेल्या बिनलशीच्या आयांची छत्तीसपैकी अकराच. त्यांची मेलेली पंचवीस तिनेच पिंजऱ्यांतून उचलली. एक हात पोटावरच होता.

"बायकांपर्यंत ही लस कधी येईल, सर?"

"दहाएक वर्षं लागतील."

"मग माझ्या लेकीला मिळेल," ती म्हणाली. आणि झालीही मुलगीच; ठणठणीत.

सुज्ञ वाचकांना समितीचा आणि कारकुनाचा राग आला असेल. येणारच. फार डोकं तापलं असेल, तर घरातल्या दिवस गेलेल्या बाईला हाक मारून चहा मागवावा. ती स्वयंपाकघरात उभीच असेल.