कान दिसून नाई राहिले

मनोहरभाऊंच्या हातात कोणताही फोटो द्या, ते आधी त्यातल्या माणसाचे कान शोधतात. फोटो टेबलावर ठेवायचा, दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाच्या पट्ट्या सरकवत आणायच्या आणि चेहऱ्याशी थांबायचं. तुम्ही पहाटे उठून टिपलेलं धुकं, डोंगर, उगवता सूर्य, सगळं पट्ट्यांखाली जातं. मग भाऊ चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "कान दिसून नाई राहिले."

भाऊंचा अमरावतीत फोटो स्टुडिओ होता. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले आणि तो बंद पडला. वरची खोली तेवढी राहिली. तिथे आम्ही सातआठ हौशी मंडळी दर रविवारी आपापले फोटो घेऊन जमतो. मी अकोल्याहून येते. शाळेत शिकवते, पोरांच्या वह्या बिनदिक्कत लाल करते. पण स्वतःचा फोटो त्या टेबलावर ठेवायचा म्हटलं की मूर्तिजापुरातच उतरून परत जावंसं वाटतं.

आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी एकदा भाऊंना समजावलं, की नुसते दोष काढले तर माणूस खचतो. आधी चांगलं सांगावं, मग सुधारणा सुचवावी. भाऊंना ते पटलं. पुढच्या रविवारी त्यांनी डॉक्टरांचाच फोटो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "कागद चांगला हाये." मग पट्ट्या सरकवल्या.

वकीलसाहेबांनी मोर आणला, तेव्हा भाऊंनी विचारलं, "याचे कान कुठी असतेत?" वकीलसाहेब महिनाभर फिरकले नाहीत. आले ते मेळघाटातलं घुबड घेऊन. भाऊंनी ते बराच वेळ न्याहाळलं. "जमलं," ते म्हणाले. "दोनी कान कसे साफ दिसून राहिले." घुबडाच्या डोक्यावर असतात ती पिसं, कान नव्हेत, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायची हिंमत कोणाची झाली नाही, वकीलसाहेबांची तर नाहीच.

भाऊंनी 'जमलं' म्हटल्याशिवाय आमच्या वार्षिक प्रदर्शनात फोटो लागत नाही. नियम आम्हीच केलेला. तीन वर्षांत माझा एकही लागला नव्हता. गेल्या महिन्यात निवडीचा शेवटचा रविवार आला, आणि मी आईचा फोटो घेऊन गेले.

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. हल्ली तिला मधूनच चक्कर येते, तपासण्या चालू आहेत, आणि शाळेत फोन वाजला तरी मी वर्ग सोडून बाहेर धावते. फोटो आदल्याच दिवशी काढला होता. अंगणात ती तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, उन्हासाठी पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, आणि कशाला तरी हसताना डोळे गच्च मिटलेले. मला तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो वाटत होता. म्हणून धास्तीही जास्त होती.

"हे कोन?" भाऊंनी विचारलं.

"आई."

"उजेड झकास पकडला, बाई. हासनं बी खरं हाये." माझा जीव भांड्यात पडतोय तोच पट्ट्या सरकल्या. "पन कान दिसून नाई राहिले. डोये मिटले. पुन्हा काढा. समोर बसवा, पदर मांगं घ्या, मांगं कोरी भित पाह्यजे."

मी गारठले. कोऱ्या भिंतीपुढे बसवून, कान दिसतील असा काढलेला म्हाताऱ्या माणसाचा फोटो पुढे कशाला लागतो, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्याला हार घालतात.

"भाऊ, माही माय घरी बसून हाये," मी म्हणाले. शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "असं अभद्र बोलू नका तुमी."

भाऊ उठले आणि भिंतीवरचा आपल्या पत्नीचा, आमच्या काकूंचा फोटो काढून घेऊन आले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या फोटोचं आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी कौतुक केलेलं होतं.

"जिंदगीभर लोकं माह्यापाशी येत," ते म्हणाले. "लग्नातल्या गर्दीतलं अर्धं तोंड घेऊन. भाऊ, याच्यातून माय काढून द्या. म्या काढून देल्ली. ही तुमची काकू लग्नाच्या ऑर्डरीत माह्यासंगं लाइट धरून उभी राहे. तिचा फोटो काढाचं काई सुचलं नाई. एका फोटोत चुकून आली, अर्धं तोंड लाइटच्या मांगं. बाकीचं म्या भरलं. हा कान तिच्या बहिनीचा हाये."

त्यांनी बाहीने काच पुसली. "रोज हाच पाहून पाहून आता तिचा खरा कसा होता, तेच मले याद येत नाई."

मग त्यांनी माझ्या फोटोवरच्या पट्ट्या काढून घेतल्या. "हा जमला. हा लावा प्रदर्शनात. तो दुसरा बी काढा, पन घरीच ठेवा."

तीन वर्षं ज्या शब्दासाठी झुरले तो मिळाला, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. मला नुसती भीती वाटत होती. जिन्यातूनच मी आईला फोन लावला. "केस इंचरून बस. मी येऊनच राहिली. तुहा फोटो काढाचा हाये."

"कालच तं काढला वं," आई म्हणाली. "कावून, बिघडला का तो?"

"नाई, चांगला आला," मी म्हणाले, आणि भराभरा जिना उतरू लागले.